पाच दिवसांची ठेव

इंग्रजीतील ‘ब्लड बँक’ मराठीत आली, तेव्हा तिला ‘रक्तपेढी’ हे नाव मिळाले. व्यापारी घरांना या शब्दाची वेगळी ओळख करून द्यावी लागत नाही. पेढी म्हणजे गादी आणि लोड, रोजमेळ आणि खतावणी, आणि या सर्वांच्या मुळाशी असलेला विश्वास. ज्याने ठेव ठेवली त्याला ती सुरक्षित राहील याची खात्री हवी, आणि ज्याला अडचणीच्या वेळी रक्कम मिळाली त्याला ती खरी असल्याची खात्री हवी. या दोन खात्र्यांवर पेढीचे नाव टिकते. मार्च २०२० मध्ये केंद्र सरकारने औषधविषयक नियमांत दुरुस्ती करून ‘ब्लड बँक’ ऐवजी ‘ब्लड सेंटर’ हा शब्द आणला. पाट्या त्याप्रमाणे बदलत गेल्या. पुण्यातील माणूस मात्र अजून रक्तपेढीतच जातो.

पेढीवरच्या सर्व ठेवी एका मुदतीच्या नसतात. रक्ताचेही तसेच आहे. दात्याने दिलेली एक पिशवी सेंट्रिफ्यूज यंत्रात फिरवली की तिचे तीन भाग वेगळे होतात. तांबड्या पेशी २ ते ६ अंश सेल्सियस तापमानाच्या शीतकपाटात, त्यांना पोषक द्रावण घातलेले असल्यास, ४२ दिवसांपर्यंत टिकतात. रक्तद्रव, म्हणजे प्लाझ्मा, गोठवून ठेवला तर वर्षभर राहतो. तिसरी ठेव प्लेटलेट्सची. मराठी शास्त्रीय लेखनात त्यांना बिंबिका म्हणतात, पण दवाखान्यात, घरात आणि फोनवर सर्वत्र प्लेटलेट्स हाच शब्द रूढ आहे. या ठेवीची मुदत अवघी पाच दिवसांची. तिला शीतकपाट चालत नाही आणि एका जागी स्वस्थ पडून राहणेही चालत नाही. २० ते २४ अंश तापमानात, अखंड हलक्या हेलकाव्यांनी झुलणाऱ्या फळ्यांवर तिला ठेवावे लागते. रक्तपेढीच्या काचेआड पिवळसर पिशव्यांचा तो संथ झोका अनेकांनी पाहिलेला असतो. तो का चालू असतो, आणि त्या उबेत कोणता धोका दडलेला असतो, हे मात्र फार थोड्यांना ठाऊक असते.

प्लेटलेट्सचे काम रक्त थांबवण्याचे. रक्तवाहिनीला इजा झाली की या सूक्ष्म चकत्या तेथे चिकटून बांध घालतात. निरोगी माणसाच्या रक्तात एका मायक्रोलिटरमागे त्या साधारण दीड ते साडेचार लाख असतात. रक्ताच्या कर्करोगावरील औषधांनी अस्थिमज्जा काही आठवडे थकून जाते, तेव्हा हा आकडा दहा हजारांच्याही खाली उतरतो आणि मेंदूत किंवा आतड्यात आपोआप रक्तस्राव होण्याचे भय निर्माण होते. पुण्यात उपचारांसाठी सातारा, सोलापूर, अहिल्यानगर, बीड अशा जिल्ह्यांतून रुग्ण येतात. त्यांच्यातील कित्येकांचे पुढचे चार दिवस या पिवळ्या पिशवीवर अवलंबून असतात. म्हणून या पिशवीविषयी जे काही लिहायचे, ते तिचे उपकार मान्य करूनच लिहायला हवे.

पूर्वी प्लेटलेट्सही थंडीतच ठेवल्या जात. १९६९ मध्ये स्कॉट मर्फी आणि फ्रँक गार्डनर या अमेरिकन डॉक्टरांनी दाखवून दिले की थंडीत ठेवलेल्या प्लेटलेट्स रुग्णाच्या शरीरात गेल्यावर लवकर नाहीशा होतात, तर २२ अंशांच्या आसपास ठेवलेल्या अधिक काळ टिकतात. तेव्हापासून जगभर प्लेटलेट्स खोलीच्या तापमानाला आल्या. पुढे पिशवीचे प्लॅस्टिक सुधारले, त्यातून प्राणवायू आत जाऊ लागला आणि १९८४ मध्ये अमेरिकेने ही मुदत सात दिवसांपर्यंत वाढवली. दोनच वर्षांत, १९८६ मध्ये, ती पुन्हा पाच दिवसांवर आणावी लागली. सहाव्या-सातव्या दिवशीही प्लेटलेट्स कामाला येत होत्या, पण त्यांच्यासोबत पिशवीत जीवाणूही वाढत होते. त्यामुळे पिशवीवर छापलेल्या पाच दिवसांच्या मुदतीत मालाच्या टिकाऊपणाइतकाच हा जुना अनुभवही सामावलेला आहे.

जीवाणूंची वाढ समजण्यासाठी व्यापाऱ्याला वेगळे शास्त्र शिकावे लागत नाही. चक्रवाढ व्याज पुरेसे आहे. समजा, एका पिशवीत केवळ दहा जीवाणू शिरले आणि दर दोन तासांनी त्यांची संख्या दुप्पट होऊ लागली. चोवीस तासांत बारा वेळा दुप्पट होऊन ते ४०,९६० होतील. अठ्ठेचाळीस तासांनी हाच आकडा १६ कोटी ७७ लाखांच्या वर जाईल. काही जीवाणू याहून हळू वाढतात, काही वाढतच नाहीत. तरी हिशेबाची जात हीच. शीतकपाटातील तांबड्या पेशींत थंडीमुळे बहुतेक जीवाणूंचा हा व्यवहार गोठून राहतो. प्लेटलेट्सच्या पिशवीत साखर आहे, ऊब आहे, हवा आहे आणि झोकाही आहे. युरोप-अमेरिकेतील पाहण्यांत साधारण हजार ते तीन हजार पिशव्यांमागे एका पिशवीत जीवाणू आढळत आले आहेत. अशा प्रत्येक पिशवीमुळे रुग्ण आजारी पडतोच असे नाही. पण ही पिशवी ज्याला दिली जाते, त्याच्या अंगात बहुधा प्रतिकाराची शक्ती सर्वांत कमी असते. कर्करोगाच्या औषधांनी प्लेटलेट्सबरोबर त्याच्या पांढऱ्या पेशीही ओसरलेल्या असतात.

हे जीवाणू येतात कोठून? पहिली वाट दात्याच्या कातडीची. स्वच्छात स्वच्छ माणसाच्या त्वचेवरही जीवाणूंची वस्ती असते. काही रोमरंध्रांच्या आत खोल असतात. जाड सुई कातडीतून आत शिरताना तिचा एक अतिसूक्ष्म तुकडा कापून नेते आणि रक्ताच्या पहिल्या धारेबरोबर तो पिशवीत पोहोचू शकतो. दुसरी वाट दात्याच्या रक्ताची. वरून धडधाकट दिसणाऱ्या माणसाच्या रक्तातही एखाद्या वेळी जीवाणू फिरत असतात: दातांच्या दुखण्यानंतर, जुलाबानंतर, एखाद्या दबलेल्या संसर्गामुळे. १९७३ मध्ये अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका शोधात सात रुग्णांना झालेल्या साल्मोनेला जीवाणूंच्या संसर्गाचा माग काढत डॉक्टर एकाच प्लेटलेट दात्यापर्यंत पोहोचले. त्याच्या हाडात एक संसर्ग दबून होता आणि त्याला स्वतःला त्याची गंधवार्ता नव्हती. २००२ मध्ये तेथेच प्रसिद्ध झालेल्या दुसऱ्या प्रकरणात दात्याच्या घरी पाळलेला अजगरासारखा बोआ साप निघाला. त्याच्यापासून दात्याला आणि दात्यापासून दोन रुग्णांना साल्मोनेलाची बाधा झाली. त्यांतील एक रुग्ण दगावला. दोन्ही दाते सद्हेतूनेच आले होते. त्यांच्या हेतूत कोणतीही खोट नव्हती, आणि तरीही रुग्णाला अपाय झाला. रक्तदानाविषयी बोलताना पुण्याची भाषा सहज ओठांवर येते. ती योग्यच आहे. मात्र सद्हेतू पिशवीला निर्जंतुक करत नाही. ते काम काही लहान, कंटाळवाण्या वाटणाऱ्या कृतींनाच करावे लागते.

या कृतींचा आरंभ शिबिरातील टेबलावरच्या प्रश्नावलीपासून होतो. गेल्या काही दिवसांत ताप आला होता का, जुलाब झाले होते का, दात काढला का, कोणती औषधे चालू आहेत, हे प्रश्न विचारले जातात. पुण्यात गणेशोत्सवात, राष्ट्रीय सणांना, महावीर जयंतीला, संस्थापकांच्या स्मृतिदिनाला शिबिरे होतात. रांगेत ओळखीची माणसे असतात, मंडळाने शंभर पिशव्यांचा संकल्प सोडलेला असतो आणि दात्यासाठी हेल्मेट किंवा जेवणाचा डबा भेट म्हणून मांडून ठेवलेला असतो. अशा वातावरणात ‘परवा पोट बिघडले होते’ हे वाक्य घशातच अडकते. डॉक्टरांनी परत पाठवले तर चारचौघांत कमीपणा येईल, असे तरुणाला वाटते. संयोजकांनी याच ठिकाणी आपला मोठेपणा दाखवावा. खरे सांगून मागे फिरलेल्या माणसालाही चहा-बिस्किटांच्या टेबलावर इतरांइतक्याच आदराने बसवले, तर पुढच्या शिबिरात आणखी चार जण खरे सांगतील.

दुसरी कृती अर्ध्या मिनिटाची आहे. सुई टोचण्यापूर्वी दंडाच्या आतील बाजूची जागा जंतुनाशकाने सुमारे तीस सेकंद घासून पुसायची आणि नंतर ती आपोआप वाळू द्यायची. फुंकर घालायची नाही आणि पुसलेल्या जागेवर शीर चाचपण्यासाठी पुन्हा बोट लावायचे नाही. जंतुनाशक वाळेपर्यंतच त्याचे काम चालू असते. दाता आडवा झाल्यावर पाहुण्यांचा सत्कार, छायाचित्र आणि घाई सुरू झाली, तर सर्वांत आधी कापला जातो तो हा अर्ध्या मिनिटाचा वेळ. तिसरी कृती पिशवीच्या रचनेतच बसवलेली आहे. चांगल्या रक्तपिशव्यांना नळीच्या आरंभी एक छोटी बाजूची थैली असते. पहिले तीस-चाळीस मिलिलिटर रक्त मुख्य पिशवीत न जाता या थैलीत वळवले जाते. कातडीचा तो सूक्ष्म तुकडा बहुधा याच रक्तात येतो. आणि तपासण्यांसाठी नमुना हवाच असल्याने ते वायाही जात नाही. पाऊस सुरू झाला की पन्हळीतून येणारे पहिले पाणी टाकीत न घेता सोडून द्यायचे, ही रीत ज्या घरांत आहे, त्यांना या थैलीचे तत्त्व एका वाक्यात समजेल.

प्रतिबंधानंतर शोध. नियमांनुसार प्लेटलेट्सची पिशवी देण्यापूर्वी तंत्रज्ञाने ती उजेडासमोर धरून हलक्या हाताने फिरवून पाहायची असते. प्लेटलेट्स सुस्थितीत असतील तर आतील द्रवात रेशमी वस्त्रासारख्या चमकत्या लहरी उठतात. आम्लता वाढली की चकत्या गोल होतात आणि ती झळाळी मावळते. गुठळ्या, बुडबुडे, बदललेला रंग हेही धोक्याचे संकेत. ही तपासणी फुकट आहे, क्षणभराची आहे आणि कधीही टाळू नये अशी आहे; पण ती पुरेशी नाही. जीवाणू बऱ्याच प्रमाणात वाढल्यावरच झळाळी जाते, आणि कित्येकदा भरपूर जीवाणू असूनही पिशवी निर्दोष दिसते.

खरा शोध ‘कल्चर’ तपासणीने लागतो. पिशवीतील थोडा नमुना पोषक द्रव असलेल्या बाटल्यांत घालून उबेत ठेवतात. जीवाणू असतील तर ते वाढतात, कार्बन डायऑक्साइड सोडतात आणि बाटलीच्या तळाची चकती रंग बदलते. यंत्र तो बदल टिपते. यातली मेख वेळेची आहे. अडीचशे मिलिलिटरच्या पिशवीत दहाच जीवाणू असताना आठ मिलिलिटर नमुना घेतला, तर त्यात एकही न येण्याचाच संभव अधिक. नमुना ‘शुद्ध’ ठरेल आणि पिशवी दोन दिवसांनी घातक होईल. म्हणून नमुना घेण्यापूर्वी एक-दोन दिवस थांबावे लागते, जीवाणूंना सापडण्याइतके वाढू द्यावे लागते. परंतु ठेवच पाच दिवसांची. थांबण्यात आणि तपासण्यात दोन-तीन दिवस गेले, तर रुग्णासाठी उरतात किती? सुरक्षितता आणि उपलब्धता यांचा हा मेळ घालणे कोणत्याही देशाला सोपे गेलेले नाही. अमेरिकेत २००४ पासून व्यावसायिक मानकांनी अशा शोधाची सक्ती केली आणि २०१९ मध्ये तेथील औषध प्रशासनाने अधिक कडक मार्गदर्शन दिले. इंग्लंडच्या रक्तसेवेने २०११ पासून प्लेटलेट्सची सरसकट कल्चर तपासणी सुरू केली. तेथे छत्तीस तास उलटल्यावर मोठा नमुना घेतात आणि त्या बळावर पिशवीची मुदत सात दिवसांपर्यंत नेतात. स्वित्झर्लंडने २०११ मध्ये आणि फ्रान्सने २०१७ मध्ये निराळी वाट धरली. एक रसायन आणि अतिनील प्रकाश यांच्या साहाय्याने पिशवीतील जीवाणूंची जनुकीय द्रव्येच अशी बांधून टाकायची की त्यांची वाढ खुंटावी. प्लेटलेट्सना केंद्रक नसते, त्यामुळे त्यांचे काम चालू राहते. अशाच दुसऱ्या एका पद्धतीत रसायनाऐवजी ब-२ जीवनसत्त्व वापरतात.

भारतात दान केलेल्या प्रत्येक पिशवीची एचआयव्ही, कावीळ ब, कावीळ क, गुप्तरोग सिफिलिस आणि मलेरिया या पाच आजारांसाठी तपासणी सक्तीची आहे. जीवाणूंच्या बाबतीत नियम वेगळा आहे. तयार केलेल्या एकूण प्लेटलेट्सपैकी एक टक्का पिशव्यांची निर्जंतुकता तपासावी, असे तो सांगतो. ही नमुना तपासणी रक्तपेढीच्या कामाचा दर्जा सांगते. रुग्णाच्या हाती आलेल्या विशिष्ट पिशवीविषयी ती काही सांगत नाही. बँकेत शाखेची तपासणी वर्षातून एकदा होते, पण म्हणून रोजची रोकड मोजणे कोणी सोडत नाही. प्रत्येक पिशवीचे कल्चर करायचे तर यंत्रे, बाटल्या, मनुष्यबळ आणि खर्च हवा. त्यातही एका दात्याच्या रक्तातून वेगळी केलेली पिशवी केवळ पन्नास ते सत्तर मिलिलिटरची असते. प्रौढ रुग्णाला अशा सहा एक पिशव्या लागतात आणि प्रत्येकीतून नमुना काढणे परवडत नाही. याउलट एकाच दात्याच्या रक्तातून यंत्राने थेट प्लेटलेट्स काढल्या, तर एका दंडावरून, एका सुईने, एकाच वेळी सहा पिशव्यांइतका साठा मिळतो. सहा दंडांऐवजी एक दंड म्हणजे जीवाणूंना आत येण्याच्या वाटाही तितक्या कमी. अशी पिशवी महाग पडते, तिला दाताही तयार असावा लागतो. पण वारंवार प्लेटलेट्स लागणाऱ्या रुग्णासाठी डॉक्टर ती का सुचवतात, याचे हेही एक कारण आहे.

पिशवी रक्तपेढीतून निघाली की अनेकदा ती नातेवाइकाच्याच हाती येते. रुग्णालय एका भागात, रक्तपेढी दुसऱ्या भागात, आणि मध्ये पुण्याची वाहतूक. घरातील मोठी माणसे बजावतात, ‘रक्त आहे, बर्फात घालून आण.’ तांबड्या पेशींसाठी थंड पेटी योग्यच असते. प्लेटलेट्ससाठी हाच सल्ला चुकीचा ठरतो. “साहेब, पेटीत थोडा बर्फ टाका ना,” असे एखादा भाचा काकुळतीने म्हणतो आणि तंत्रज्ञ मान हलवतो, “दादा, प्लेटलेट्सना बर्फ लावायचा नाही. फ्रिजमध्ये ठेवायच्या नाहीत. उन्हातल्या डिकीतही नाही. सरळ वॉर्डात न्या आणि सिस्टरच्या हातात द्या.” हे चार शब्द सोन्याचे आहेत. बर्फाने प्लेटलेट्स निकामी होतात, उन्हाने जीवाणूंना बळ येते आणि वाटेत ‘आधी डबा देऊन येऊ’ म्हणून घालवलेला तास पिशवीच्या मुदतीतून जातो. वॉर्डात पोहोचल्यावरही पिशवी उशाशी ठेवून वाट पाहायची नसते. ती लवकर सुरू होऊन चार तासांच्या आत संपली पाहिजे. ऑक्टोबर २०२२ मध्ये प्रयागराज येथे प्लेटलेट्स दिल्यानंतर डेंग्यूचा एक रुग्ण दगावला आणि पिशवीत मोसंबीचा रस असल्याची चित्रफीत देशभर फिरली. पुढे प्रशासनाने सांगितले की तो रस नव्हता. नीट न साठवलेल्या प्लेटलेट्स होत्या. रसाची बातमी सर्वांच्या लक्षात राहिली, साठवणुकीची फारशी कोणाच्या राहिली नाही.

यानंतरची शेवटची चौकी म्हणजे रुग्णाची खाट. पिशवी लावण्यापूर्वी दोन जणांनी रुग्णाचे नाव, रक्तगट, पिशवीचा क्रमांक आणि मुदतीची तारीख पडताळून पाहायची असते. रोखपालाच्या तिजोरीला दोन किल्ल्या असतात, त्याचाच हा प्रकार. पहिली पंधरा मिनिटे संथ गतीने द्यायचे आणि रुग्णाकडे लक्ष ठेवायचे. या वेळात खाटेजवळ बहुधा पत्नी, मुलगी किंवा सून बसलेली असते. तिने पाहायचे ते एवढेच: थंडी वाजून हुडहुडी भरली का, ताप चढला का, धाप लागली का, पाठ किंवा छाती दुखू लागली का, अंग गार पडून घाम फुटला का. असे काही दिसले तर ‘सकाळपासून कणकण होतीच’ असे म्हणून बसून राहू नये; सिस्टरना तत्काळ हाक मारावी. कर्करोगाच्या रुग्णाला ताप मुळातच येत असतो आणि रक्त देण्यापूर्वी तापाचे औषधही दिलेले असते. त्यामुळे पिशवीतील जीवाणूंचा दोष आजारावर ढकलला जाण्याचा संभव फार असतो. काही जीवाणूंचे विष मिनिटांत रक्तदाब उतरवते, तर काहींचा परिणाम पिशवी संपून काही तास झाल्यावर दिसतो, म्हणून त्या दिवशीची नजर पिशवी संपल्यावरही हटवू नये.

संशय आला की पिशवी थांबवतात, शिरेतील वाट सलाइनने खुली ठेवतात, रुग्णाच्या रक्ताचे आणि पिशवीतील उरलेल्या द्रवाचे कल्चर पाठवतात आणि निकालाची वाट न पाहता प्रतिजैविके सुरू करतात. येथे पिशवी फार मोलाची असते. रिकामी झालेली, नळी लोंबणारी पिशवी कचऱ्यात गेली, तर पुरावाच गेला. आणि ती कळवण्यात दुसऱ्या कोणाचा तरी जीव गुंतलेला असतो. त्याच दात्याच्या तांबड्या पेशी आणि रक्तद्रव शहरातील दुसऱ्या रुग्णालयात गेलेले असू शकतात; रक्तपेढीला वेळेत कळले तर ते थांबवता येतात. पेढीवर एक खोटी नोट सापडली की त्याच गड्डीतील बाकीच्या नोटा तपासायच्या, तसे हे आहे. अशा घटनांची देशपातळीवर नोंद व्हावी म्हणून १० डिसेंबर २०१२ पासून भारतात हिमोव्हिजिलन्स कार्यक्रम सुरू झाला. नोएडा येथील राष्ट्रीय जैविक संस्था तो चालवते. या नोंदी आरोप करण्यासाठी नसतात. दोष कोणत्या पायरीवर शिरतो हे कळावे, यासाठी असतात. नातेवाइकांनीही त्या भावनेने विचारावे: “डॉक्टरसाहेब, या त्रासाची रक्तपेढीला नोंद गेली का?” हा प्रश्न सौम्य आहे आणि कोणत्याही चांगल्या डॉक्टरांना तो रुचतो.

पिशवीचा धोका टाळण्याचा सर्वांत खात्रीचा उपाय म्हणजे नको असलेली पिशवी न घेणे. पावसाळा सरत आला की पुण्यात डेंग्यूचे रुग्ण वाढतात आणि घराघरांत एकच प्रश्न घुमतो, ‘आज प्लेटलेट्स किती?’ पपईच्या पानांचा रस निघतो, किवीची फळे येतात, आणि आकडा तीस हजारांवर उतरला की नातेवाईक डॉक्टरांना पिशवी लावण्याचा आग्रह करू लागतात. सिंगापूर आणि मलेशियातील डॉक्टरांनी डेंग्यूच्या ३७२ प्रौढ रुग्णांवर केलेला अभ्यास २०१७ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाला. ज्यांच्या प्लेटलेट्स वीस हजार किंवा त्याहून कमी होत्या, पण ठळक रक्तस्राव नव्हता, अशांतील निम्म्यांना प्लेटलेट्स दिल्या आणि निम्म्यांना दिल्या नाहीत. रक्तस्राव टळण्यात अर्थपूर्ण फरक दिसला नाही. प्रतिकूल परिणाम मात्र प्लेटलेट्स दिलेल्या गटात अधिक आढळले. डेंग्यूत शरीर बहुधा स्वतःच सावरते. रक्तस्राव होत असेल किंवा आकडा फारच खाली गेला असेल, तर डॉक्टर आपण होऊन पिशवी मागवतात. केवळ मनाच्या समाधानासाठी लावलेली पिशवी त्या रुग्णाला जोखीम देते आणि शेजारच्या वॉर्डातील रक्ताच्या कर्करोगाच्या मुलाच्या वाट्याची पिशवी संपवते.

रक्तदानात व्यापारी समाज मागे नाही. मार्केट यार्डापासून लक्ष्मी रस्त्यापर्यंत कोठे ना कोठे शिबिर असतेच. मात्र पाच दिवसांच्या ठेवीचा विचार करून या शिबिरांची घडी थोडी बदलता येईल. एका रविवारी तीनशे पिशव्या जमल्या, तर तांबड्या पेशी महिनाभर पुरतील, पण त्यांतील बऱ्याच प्लेटलेट्स शुक्रवारपर्यंत मुदतबाह्य होतील. आणि पुढच्या सोमवारी दाखल झालेल्या रुग्णासाठी पुन्हा संदेश फिरू लागतील. त्याऐवजी तीनशे दाते वर्षभरात वाटून दिले, तर प्रत्येक आठवड्याला ताजी ठेव जमा होईल. पुरुषाला तीन महिन्यांनी आणि स्त्रीला चार महिन्यांनी पुन्हा रक्त देता येते. यंत्राद्वारे केवळ प्लेटलेट्स देणाऱ्याला अठ्ठेचाळीस तासांच्या अंतरानंतर पुन्हा देता येते, अर्थात आठवड्यातून दोनदा आणि वर्षातून चोवीस वेळा या मर्यादेत. प्रत्येक संघाने, प्रत्येक व्यापारी मंडळाने अशा वीस-पंचवीस तंदुरुस्त सभासदांची यादी एखाद्या रक्तपेढीकडे देऊन ठेवली, तर ऐन वेळची धावाधाव पुष्कळ कमी होईल. धावाधाव कमी झाली की घाई कमी होते, आणि दंड पुसण्याचे ते अर्धे मिनिट वाचते.

देणगी देणाऱ्यांनीही एक विचार करावा. इमारतीच्या दगडावर नाव कोरले जाते, तसे कल्चर यंत्रावर ते कोरता येत नाही. आणि यंत्राच्या बाटल्या तर दर महिन्याला संपतात. दात्यांच्या भेटवस्तूंवर होणारा खर्च रक्तपेढीच्या जीवाणू तपासणीकडे वळवला, तर एखाद्या रक्तपेढीला एक टक्क्याच्या पलीकडे जाता येईल. देणगीच्या पत्रात ‘सर्वसाधारण निधीसाठी’ ऐवजी ‘प्लेटलेट्सच्या जीवाणू तपासणीसाठी’ असे चार शब्द लिहिले, की तो पैसा कोठे गेला हे वर्षअखेरीस विचारताही येते. शिबिर ठरवतानाही रक्तपेढीला नम्रपणे विचारावे: पिशव्यांना पहिल्या धारेची थैली आहे का, प्लेटलेट्सच्या किती पिशव्यांचे कल्चर होते, मुदत संपून किती वाया जातात. ज्या पेढीचे हिशेब चोख असतात, तिला हे प्रश्न आवडतात.

आणि दात्यासाठी एक काम उरते, ज्याची आठवण शिबिराच्या निरोपात क्वचितच दिली जाते. रक्त देऊन घरी गेल्यावर पुढच्या दोन-तीन दिवसांत ताप आला, जुलाब झाले, दंडाच्या जखमेत पू झाला, तर रक्तपेढीला लगेच फोन करावा. दात्याला दिलेल्या कार्डावर क्रमांक छापलेला असतो. तोवर ती पिशवी काचेआड फळीवर झुलत असेल, तर तंत्रज्ञ ती उचलून बाजूला ठेवील आणि वाटेला लागली असेल, तर वॉर्डात निरोप जाईल. तिकडच्या खाटेवरच्या माणसाला या फोनविषयी कधीच काही कळणार नाही.